लंडनमधील आरोग्यसेवा: जीपी नोंदणी, औषधे, खासगी विमा आणि भेटीला येणारे आईवडील

थेम्सकाठ (धागालेखिका)

लंडनला नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना आरोग्यसेवेबद्दल तेच ते प्रश्न पडतात, आणि उत्तरे मात्र ओळखीपाळखीतून, अर्धवट आणि कित्येकदा चुकीची मिळतात. ती एका जागी, तपशिलासह असावीत म्हणून हा धागा काढत आहे. मी डॉक्टर नाही. मात्र आमच्या भागातील जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर) दवाखान्याच्या रुग्ण-सहभाग गटात बरीच वर्षे काम करत असल्याने ही व्यवस्था कशी चालते ते जवळून पाहिले आहे. येथे लिहिलेले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काही बाबी वेगळ्या आहेत, उदाहरणार्थ तेथे प्रिस्क्रिप्शनच्या औषधांना शुल्क पडत नाही.

माझे सांगणे मुख्यतः एकच आहे. आजारी पडण्याची वाट न पाहता, आल्या आल्या जीपीकडे घरातल्या प्रत्येकाचे नाव नोंदवा. भारतात आपल्याला कान दुखला की कानाच्या डॉक्टरकडे आणि गुडघा दुखला की हाडांच्या डॉक्टरकडे थेट जाण्याची सवय असते. फी भरली की त्याच संध्याकाळी तपासणी होते. येथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, तज्ज्ञ डॉक्टरकडे जाण्याची वाट बहुतेक वेळा जीपीच्या रेफरलमधूनच (शिफारशीतूनच) जाते, आणि कोणाला आधी पाहायचे हे आजाराची निकड ठरवते. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या या सेवेचा पायाच असा आहे की उपचार गरजेप्रमाणे मिळावेत, ऐपतीप्रमाणे नव्हे. हे तत्त्व एकदा मनाशी पक्के झाले की पुढचा बराचसा मनस्ताप वाचतो.

नोंदणीला पैसे लागत नाहीत. घराचा करार, पासपोर्ट किंवा व्हिसा दाखवणेही बंधनकारक नाही. कागदपत्रे असतील तर काम सोपे होते, पण केवळ ती नाहीत म्हणून दवाखान्याने नोंदणी नाकारू नये, असे एनएचएसचेच मार्गदर्शन आहे. ज्यांचे पहिले काही आठवडे नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या एका खोलीत जातात, त्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण काही ठिकाणी रिसेप्शनवर विजेचे बिल मागितले जाते आणि माणूस निमूटपणे परत फिरतो. तसे झाल्यास शांतपणे हा नियम सांगावा, किंवा एनएचएसच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्ज करावा. नोंदणी झाली की १० अंकी एनएचएस क्रमांक मिळतो आणि एनएचएस ॲपमधून औषधे पुन्हा मागवणे, तपासण्यांचे निकाल पाहणे अशी कामे घरबसल्या करता येतात.

आता पैशांविषयी. सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा व्हिसा बाहेरून मागताना आपण जो आरोग्य अधिभार भरतो, तो ६ फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व १८ वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पौंड आहे. पती-पत्नी आणि दोन मुले तीन वर्षांच्या व्हिसावर येत असतील तर हा आकडा १०,८६६ पौंड होतो, आणि तो सगळा आगाऊ भरावा लागतो. आरोग्य व शुश्रूषा क्षेत्राच्या विशेष व्हिसावर येणाऱ्यांना तो माफ आहे. अधिभार भरल्यावर जीपी, रुग्णालय, शस्त्रक्रिया, बाळंतपण यांसाठी वेगळे बिल येत नाही. औषधांचे शुल्क, दातांचे उपचार आणि डोळ्यांची तपासणी यांचे पैसे मात्र इतर रहिवाशांप्रमाणेच द्यावे लागतात, आणि वंध्यत्वावरील साहाय्यित गर्भधारणेचे उपचार अधिभारातून मिळत नाहीत.

कोणत्या वेळी कोणाकडे जायचे, हेही येथेच लिहून ठेवते. छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे, श्वास लागणे, थांबत नसलेला रक्तस्राव अशा वेळी ९९९. काय करावे कळत नाही पण जीव धोक्यात नाही, अशा वेळी १११. हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तेथील माणूस आवश्यक वाटल्यास तुमच्यासाठी वेळही ठरवून देतो. मोडलेले बोट, खोल नसलेली जखम, लहान मुलाचा उतरत नसलेला ताप यांसाठी अर्जंट ट्रीटमेंट सेंटर असते, जे दिवसातून किमान १२ तास उघडे असते. ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाच्या अपघात व तातडीच्या विभागात आधी पोहोचणाऱ्याला आधी पाहत नाहीत. परिचारिका निकड तपासून क्रम लावते, त्यामुळे किरकोळ तक्रारीसाठी तेथे गेल्यास अनेक तास बसावे लागणे स्वाभाविक आहे. आणखी एक बाब, विशेषतः लहान मुलांच्या पालकांसाठी: ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे मुलांचे जगप्रसिद्ध रुग्णालय असले तरी तेथे ए अँड ई विभाग नाही. रात्री मूल आजारी पडल्यास तेथे धाव घेऊ नका. आपल्या भागातील कोणत्या रुग्णालयात मुलांचा तातडीचा विभाग आहे ते आधीच पाहून ठेवा.

नवखा

अत्यंत उपयुक्त धागा. आम्ही नुकतेच आलो आहोत. मला मधुमेह आहे, पत्नीला थायरॉइडचा त्रास आहे, आणि दोघांचीही तीन महिन्यांची औषधे सोबत आणली आहेत. ती संपल्यावर काय करायचे? शिवाय कंपनी खासगी आरोग्य विमा देऊ करत आहे. अधिभार भरलेला असताना तो घ्यावा का, याबद्दलही मत हवे आहे.

अभ्यासू

नवखा, औषधांबद्दल मी लिहितो. मी येथे फार्मसिस्ट म्हणून काम करतो, त्यामुळे रोज हीच परिस्थिती काउंटरवर पाहतो.

औषधे संपायला किमान महिनाभर शिल्लक असताना जीपीची वेळ घ्या. भारतातील डॉक्टरांची चिठ्ठी आणि अलीकडचे रिपोर्ट सोबत न्या, पण त्याआधी प्रत्येक गोळीपुढे तिच्यातील मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहून काढा. भारतातील ब्रँडचे नाव येथील डॉक्टरला काहीही सांगत नाही. त्यातही आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असणे सर्रास आढळते. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, किंवा टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी घेणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. येथे ती औषधे बहुधा स्वतंत्र गोळ्यांच्या रूपात दिली जातात. गोळ्यांची संख्या वाढलेली पाहून घाबरू नका, आणि नव्या गोळ्यांसोबत जुनी एकत्रित गोळीही चालू ठेवून दुप्पट मात्रा घेण्याचा धोका कृपया टाळा. हे मी विशेष आग्रहाने सांगतो, कारण वयस्कर रुग्णांत साखर एकदम खाली जाण्याचे ते एक कारण ठरू शकते.

रिपोर्टमधील आकड्यांचेही तसेच आहे. आपल्याकडे उपाशीपोटी साखर १२६ म्हणतात, तीच येथे ७.० लिहिली जाते. आपला आकडा १८ ने भागला की येथील आकडा मिळतो. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के असेल तर येथे ते ४८ दिसते. पहिल्यांदा तो आकडा पाहून अनेकांच्या काळजाचा ठोका चुकतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता शुल्क. १ मे २०२४ पासून प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात, मग ते औषध स्वस्त असो वा महाग. तुम्हा दोघांना मात्र ते देण्याची गरज नसावी. मधुमेहासाठी औषध घेणारे रुग्ण, म्हणजे केवळ पथ्यावर नसलेले, आणि थायरॉइडची कमतरता भरून काढणारे औषध घेणारे रुग्ण यांना वैद्यकीय सवलत प्रमाणपत्र मिळते. जीपीकडे एफपी९२ए हा अर्ज मागा. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, आणि त्या काळात त्या आजाराचीच नव्हे तर प्रिस्क्रिप्शनवरची सगळीच औषधे मोफत मिळतात. येथे कित्येक वर्षे राहूनही ही सवलत न घेतलेले आपले लोक मला भेटतात, आणि दर वेळी वाईट वाटते. एक मात्र पाहा: प्रमाणपत्र हाती येण्याआधीच चिठ्ठीमागे ‘मोफत’ची खूण करू नका, त्याबद्दल नंतर दंडाची नोटीस येऊ शकते. ज्यांना अशी सवलत नाही पण नियमित औषधे आहेत, त्यांनी ११४.५० पौंडांचे वार्षिक आगाऊ प्रमाणपत्र घ्यावे. वर्षाला १२ किंवा अधिक औषधे लागत असतील तर ते परवडते.

काही औषधे भारतातून आणताना विशेष काळजी घ्यावी. ट्रामाडॉल, कोडीन, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ही येथे नियंत्रित औषधे आहेत, आणि मधुमेहींच्या पायांतील जळजळीसाठी आपल्याकडे सहज दिले जाणारे प्रीगॅबलिनही एप्रिल २०१९ पासून त्यांत आले आहे. अशी औषधे तीन महिन्यांपेक्षा कमी पुरतील इतकीच आणावीत आणि सोबत डॉक्टरांचे पत्र असावे. त्याहून अधिक आणायची तर परवाना लागतो.

शेवटी, प्रतिजैविके येथे दुकानातून थेट मागून मिळत नाहीत. मात्र ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, सायनस, नागीण, किड्याच्या चाव्यात झालेला संसर्ग, इम्पेटिगो (त्वचेचा एक संसर्ग) आणि ६५ वर्षांखालील स्त्रियांचा साधा मूत्रमार्ग संसर्ग या सात तक्रारींसाठी आम्ही फार्मसिस्ट स्वतः तपासून, गरज असल्यास, औषध देऊ शकतो. त्यासाठी जीपीची वेळ घेण्याची आवश्यकता नाही. वयाच्या आणि इतर काही अटी आहेत, त्या काउंटरवर विचाराव्यात.

थेम्सकाठ (धागालेखिका)

अभ्यासू, मनापासून आभार. साखरेच्या आकड्यांची बाब मूळ लेखात घालायला हवी.

नवखा, विम्याबद्दल माझे मत. कंपनी देत असेल तर घ्या, परंतु तो एनएचएसच्या जागी नव्हे तर त्याच्या जोडीला आहे असे समजून घ्या. येथील खासगी विमा सहसा तातडीचे उपचार, मधुमेहासारखे कायमस्वरूपी आजार आणि नेहमीचे बाळंतपण यांना लागू होत नाही. आधीपासूनचे आजार वगळण्याची पद्धत आहे. अनेक पॉलिसींमध्ये आधीच्या पाच वर्षांत ज्याची लक्षणे किंवा उपचार झाले ते सुरुवातीला धरले जात नाही. म्हणजे तुमचा मधुमेह बहुधा त्यात बसणार नाही. मग उपयोग कशासाठी? हर्निया, पित्ताशयातील खडे, गुडघ्याची दुखापत, एमआरआयसारख्या तपासण्या, अशा तातडीच्या नसलेल्या पण त्रासदायक बाबींसाठी, जिथे एनएचएसची रांग लांब असते. कंपनीने भरलेला हप्ता तुमच्या करपात्र उत्पन्नात धरला जातो, हे पगाराच्या चिठ्ठीत दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नका. स्वतःच्या खिशातून घ्यायचा असेल, आणि कुटुंब तरुण व निरोगी असेल, तर मी घाई करणार नाही.

चाफा

मला चौथा महिना आहे आणि आम्ही गेल्या आठवड्यात आलो. भारतात दर महिन्याला स्त्रीरोगतज्ज्ञ तपासत होत्या. येथे म्हणे केवळ दोन सोनोग्राफी करतात आणि डॉक्टर भेटतच नाहीत. हे खरे आहे का? फार काळजी वाटते.

रानजाई

चाफा, आधी अभिनंदन, आणि काळजी करू नका. मी एका लंडनच्या रुग्णालयात मिडवाइफ आहे.

तुम्हाला जीपीच्या रेफरलची वाट पाहावी लागत नाही. ज्या रुग्णालयात बाळंतपण करायचे आहे त्याच्या प्रसूती विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करता येतो. तो आजच करा आणि त्यात भारतातील सगळे रिपोर्ट असल्याचे नमूद करा. पहिली भेट खरे तर दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो, त्यामुळे उशिरा आलेल्यांना लवकर बोलावतात. नेहमीच्या गरोदरपणात साधारण १२ व्या आणि २० व्या आठवड्याच्या सुमारास अशा दोन सोनोग्राफी होतात, आणि बाकीच्या भेटी मिडवाइफसोबत असतात. मिडवाइफ ही या कामाचे पूर्ण शिक्षण घेतलेली नोंदणीकृत व्यावसायिक असते, डॉक्टरची मदतनीस नसते. मधुमेह, रक्तदाब, जुळी, आधीचे सिझेरियन असे काही असेल तर डॉक्टरांकडे तपासणी होते आणि सोनोग्राफीही वाढतात. दक्षिण आशियाई स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण अधिक असल्याने साखरेची तपासणी तुम्हाला सुचवली जाईल. ती टाळू नका.

रक्ताच्या तपासण्यांत थॅलेसेमिया आणि सिकलसेलचाही समावेश असतो. कुटुंब विदर्भातील असेल, किंवा नात्यात कोणाला सिकलसेल असेल, तर पहिल्याच भेटीत तसे स्पष्ट सांगा, म्हणजे आवश्यक वाटल्यास बाळाच्या वडिलांचीही तपासणी वेळेत होईल.

गरोदरपणात आणि प्रसूतीच्या तारखेनंतर १२ महिने औषधे आणि एनएचएसचे दातांचे उपचार मोफत असतात. त्याचे प्रमाणपत्र मिडवाइफच काढून देते. बाळ झाल्यावर लसीकरणाबाबत एक गोष्ट मुद्दाम विचारा. येथे बीसीजी सगळ्याच बाळांना देत नाहीत. पण ज्या बाळाचे आई, वडील किंवा आजीआजोबा क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्मलेले आहेत त्यांना ती दिली जाते, आणि भारत अशा देशांत मोडतो. ती जन्माच्या दिवशी न देता साधारण महिन्याभराने देतात, त्यामुळे घरी गेल्यावर पत्र आले नाही तर हेल्थ व्हिजिटरकडे (लहान बाळांच्या कुटुंबांना भेट देणाऱ्या परिचारिकेकडे) चौकशी करावी. लसींच्या नोंदी लाल वहीत (बाळाच्या आरोग्याच्या नोंदवहीत) होतात. भारतात सुटीला जाताना ती वही सामानात असू द्या.

चाफा

रानजाई, अर्ज केला. भेट मंगळवारची मिळाली आहे. तुम्ही इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल काय म्हणू, खूप खूप आभार.

दूरदेशी

येथील रांगांबद्दल कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून लिहितो. माझ्या खांद्यासाठी मी महिनोन्महिने थांबलो आणि अखेर सुटीत भारतात जाऊन दोन दिवसांत एमआरआय करून आलो. माझ्या मते एनएचएस तातडीसाठी ठीक आहे, बाकी सगळे भारतातच करावे.

थेम्सकाठ (धागालेखिका)

दूरदेशी, रांगांबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. रेफरलपासून १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, आणि १०० पैकी ९२ रुग्णांच्या बाबतीत तसे घडावे, हे उद्दिष्ट २०१६ च्या सुरुवातीनंतर इंग्लंडमध्ये एकदाही गाठले गेलेले नाही. खांदा, गुडघा, मोतीबिंदू अशा बाबतींत ज्यांना भारतात जाणे शक्य आहे त्यांनी ते करण्यात मला काही गैर वाटत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतरची तपासणी आणि काही गुंतागुंत झाली तर पुढे काय, याचा विचार निघण्याआधी व्हावा, आणि सगळी कागदपत्रे इंग्रजीत सोबत आणावीत.

परंतु ‘बाकी सगळे भारतातच’ याच्याशी मी सहमत नाही. स्तनात गाठ, शौचातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, बरा न होणारा खोकला अशा तक्रारी सुटीपर्यंत थांबवून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. कर्करोगाची शंका असेल तर जीपी तातडीचे रेफरल करतो आणि कर्करोग आहे की नाही हे २८ दिवसांच्या आत रुग्णाला कळावे असे येथील मानक आहे. तेही प्रत्येक वेळी पाळले जात नाही, पण ही रांग वेगळी असते. जीपीशी बोलताना आपण मराठी माणसे भिडेपोटी दुखणे कमी करून सांगतो. ‘थोडेसे दुखते’ असे म्हटले की त्याची नोंद थोडेसे अशीच होते. किती दिवसांपासून, रात्री झोप मोडते का, जिना चढता येतो का, काम सुटले का, हे थेट सांगा. वेळ साधारण दहा मिनिटांची असते, म्हणून सर्वांत काळजीची गोष्ट पहिल्या वाक्यात यावी.

आणि रेफरलच्या वेळी एक हक्क जरूर वापरा. तज्ज्ञाकडच्या पहिल्या भेटीसाठी कोणत्या रुग्णालयात जायचे हे निवडण्याचा अधिकार इंग्लंडमध्ये रुग्णाला आहे, आणि त्यात एनएचएसशी करार असलेली काही खासगी रुग्णालयेही येतात. लंडनमध्ये अर्ध्या तासाच्या अंतरावरील दोन रुग्णालयांच्या रांगांत अनेक आठवड्यांचा फरक असू शकतो. जीपी आपणहून विचारेलच असे नाही, आपण विचारावे.

हॅरोनिवासी

या धाग्यात ज्या विषयाची मी वाट पाहत होतो तो अजून आलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो: भेटीला येणारे आईवडील.

आपण अधिभार भरतो तो आपल्यापुरता आणि आपल्यासोबतच्या व्हिसाधारक कुटुंबापुरता. सहा महिन्यांच्या भेट-व्हिसावर आलेल्या आईवडिलांनी तो भरलेला नसतो, त्यामुळे एनएचएस रुग्णालयात ते शुल्क देणारे रुग्ण ठरतात, आणि शुल्क नेहमीच्या दराच्या दीडपट लावले जाते. नेमके काय मोफत आहे ते नीट समजून घ्यावे. जीपीला दाखवणे मोफत आहे. तात्पुरता रुग्ण म्हणून नोंदही करता येते. ए अँड ई विभागातील तपासणी व उपचारही मोफत आहेत. परंतु ज्या क्षणी रुग्णाला वॉर्डमध्ये दाखल करून घेतात किंवा पुढच्या तपासणीसाठी बाह्यरुग्ण विभागाची वेळ देतात, तेथून शुल्क सुरू होते. तातडीचे उपचार पैशांअभावी अडवले जात नाहीत, हे खरे आणि महत्त्वाचे आहे. बिल मात्र नंतर येते.

माझ्या सासऱ्यांना येथे असताना पहाटे छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका आली, रुग्णालयात नेले, दोन तासांत अँजिओग्राफी झाली. डॉक्टर आणि परिचारिकांनी जे केले त्याला तोड नाही, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी परदेशी रुग्णांच्या नोंदी पाहणाऱ्या विभागातील एक बाई अतिशय सौजन्याने वॉर्डमध्ये आल्या आणि पासपोर्ट व व्हिसाची प्रत घेऊन गेल्या. खरा त्रास पुढे झाला. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्याच्या कंपनीने त्यांच्या आठ वर्षांपूर्वीच्या रक्तदाबाच्या नोंदी मागितल्या, आणि रक्तदाब अर्जात लिहिलेला असूनही ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून दाव्याचा मोठा भाग नाकारला. पॉलिसीच्या आतल्या पानावर, जिवावर बेतलेल्या प्रसंगी आधीच्या आजारासाठी किती रक्कम मिळेल, याची एक वेगळी आणि फारच लहान मर्यादा छापलेली होती.

म्हणून कळकळीने सांगतो, विमा घेताना एकूण रकमेच्या मोठ्या आकड्याकडे पाहू नका. आधीपासूनच्या आजारांसाठीची मर्यादा किती आहे ते एजंटकडून लेखी घ्या. रक्तदाब, साखर, जुनी अँजिओप्लास्टी, सगळे अर्जात लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. विम्याचा चोवीस तासांचा दूरध्वनी क्रमांक घरातल्या फ्रिजवर लावा, कारण अनेक पॉलिसींत दाखल झाल्यावर ठरावीक तासांत कळवण्याची अट असते. बिल आलेच तर गप्प बसू नका. रुग्णालयाशी बोलून हप्ते बांधून घेता येतात. पाचशे पौंड किंवा अधिक रक्कम दोन महिन्यांहून जास्त थकली तर ती माहिती गृह खात्याकडे जाऊ शकते आणि पुढचा व्हिसा नाकारण्याचे ते कारण ठरू शकते. हप्ते ठरवून घेतले आणि ते वेळेवर भरले की हा धोका टळतो.

आईवडिलांनी येण्याआधी भारतातच दात, डोळे आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांपेक्षा थोडी अधिक औषधे सोबत आणावीत. त्यांच्या आजारांचा आणि औषधांचा एक पानी इंग्रजी गोषवारा त्यांच्या खिशात राहू द्या. त्या पहाटे रुग्णवाहिकेतील माणसाने पहिला प्रश्न औषधांचाच विचारला होता, आणि सासूबाई घरात एकट्या असत्या तर त्यांना उत्तर देता आले नसते.

सावली

हॅरोनिवासी, तुमचे सासरे आता बरे असतील अशी आशा आहे. भाषेचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते.

जीपी असो वा रुग्णालय, मराठी दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. वेळ ठरवतानाच सांगावे लागते. बहुतेक वेळा दुभाषा फोनवर असतो. आपल्याकडे सून किंवा नातू भाषांतर करतो, आणि मग सासूबाई अंगावरून जाण्याची किंवा लघवीवर ताबा नसण्याची तक्रार त्यांच्यासमोर बोलत नाहीत. माझ्या आईने दुभाषी बाईंशी फोनवर पाच मिनिटांत जे सांगितले, ते मला इतक्या वर्षांत कधीच सांगितले नव्हते.

मानसिक आरोग्याबद्दलही बोलायला हवे. नव्या देशातील पहिला हिवाळा, नोकरीची अनिश्चितता, घरात दिवसभर एकटी असलेली पत्नी किंवा पती, हे ताण खरे आहेत. १८ वर्षांवरील कोणालाही, जीपीला न विचारता, एनएचएसच्या टॉकिंग थेरपीज (बोलून उपचार, समुपदेशन) सेवेसाठी स्वतः अर्ज करता येतो. मनःस्थिती फारच बिघडली, जीव नकोसा वाटू लागला, तर १११ ला फोन करून २ दाबावे. कोणत्याही वेळी प्रशिक्षित माणूस बोलतो. ही माहिती तुमच्या मालकाला किंवा घरच्यांना परस्पर कळवली जात नाही. आपल्या घरांत ‘सगळे ठीक आहे’ असे भारतात फोनवर सांगण्याची सवय इतकी रुजलेली असते की जीपीसमोरही तेच वाक्य तोंडातून निघते.

अभ्यासू

दातांबद्दल कोणी विचारलेले नाही, तरी थोडक्यात: एनएचएसचा दंतवैद्य मिळणे लंडनमध्येही कष्टाचे आहे. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेले दर तपासणीसाठी २७.४० पौंड, दात भरणे किंवा काढणे यासाठी ७५.३० पौंड आणि कॅप किंवा कवळीसाठी ३२६.७० पौंड असे होते. खासगी दवाखान्यात याच्या कितीतरी पट खर्च होतो. मोठे काम असेल तर भारतातून निघण्याआधी उरकून यावे. १८ वर्षांखालील मुलांना एनएचएसमध्ये मोफत आहे, पण मुलांना जागा देणारा दवाखाना शोधावा लागतो.

आणखी एक, मधुमेहाच्या संदर्भात. आपल्या लोकांसाठी येथे वजनाचा निकष वेगळा धरला जातो: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून धोका वाढतो आणि २७.५ पासून तो जास्त मानतात, तर इतरांसाठी हे आकडे २५ आणि ३० आहेत. वय ४० ते ७४ असेल आणि आधीचा असा आजार नसेल तर दर पाच वर्षांनी मोफत आरोग्य तपासणी मिळते. तिचे पत्र केराच्या टोपलीत टाकू नका.

नवखा

सर्वांचे आभार. आमच्या चौघांची जीपी नोंदणी झाली आणि सवलत प्रमाणपत्राचे अर्जही दिले. आज पत्नीला एक पत्र आले आहे: तिचे वय ३३, आणि क्षयरोगाच्या सुप्त संसर्गासाठी रक्ततपासणीला बोलावले आहे. व्हिसासाठी भारतात छातीचा एक्स-रे झाला होताच. पुन्हा का? याचा व्हिसावर काही परिणाम होईल अशी तिला भीती वाटते.

रानजाई

नवखा, ती भीती काढून टाका. व्हिसासाठीचा एक्स-रे फुप्फुसातील सक्रिय क्षयरोग शोधतो. शरीरात जंतू निद्रिस्त असतील तर तो सहसा त्यात दिसत नाही. जेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक आहे अशा देशांतून गेल्या पाच वर्षांत आलेल्या १६ ते ३५ वयाच्या लोकांना इंग्लंडच्या काही भागांत जीपीमार्फत ही तपासणी दिली जाते, आणि भारत त्या यादीत आहे. तपासणी ऐच्छिक आणि मोफत आहे. निकाल सकारात्मक आला तरी त्याचा अर्थ आजार झाला असा होत नाही, आणि सुप्त संसर्ग दुसऱ्याला लागत नाही. घरात ताट-वाटी वेगळी करण्याची काहीही गरज नसते. पुढील तपासणीत गरज वाटल्यास काही महिन्यांच्या गोळ्या देतात, त्याही मोफत. व्हिसावर परिणाम होत नाही. त्या स्तनपान करत असतील, गरोदर असतील किंवा यकृताचा काही त्रास झालेला असेल तर तेवढे रक्त देतानाच सांगायला सांगा, आणि थायरॉइडची गोळी नेहमीप्रमाणे घेऊनच पाठवा. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही.